चेनवरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला ठाऊक असेल तर असो, मी आपणहून त्यालाही सांगायला गेलो नाही. आणि आता सांगतोय म्हणून माझ्याविषयी बरं मत करून घेऊ नका. ते मला नकोय.

सांगायची संधी आली होती. अगदी हातात माईक आला होता. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर भाषणं होतात. पलीकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी, अलीकडे महाराजांचं प्रवचन, आणि मग ज्याला चार गावं ओळखतात असा एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. हौसाबाईच्या दहाव्याला माझं नाव पुकारलं. "आपले गॅरेजवाले भाऊ दोन शब्द बोलतील." उठलो. बोललो. माऊली कष्टाळू होती, नवरा लवकर गेला, एकटीनं पोरगं वाढवलं, तिच्या हाताला — इथे थांबलो. 'तिच्या हाताला चव होती' असं म्हणणार होतो, सगळेच म्हणतात. पण हात या शब्दाच्या पुढे जाता आलं नाही. हात जोडले, खाली बसलो. शेजारच्यानं मांडीवर थाप मारली. छान बोललात म्हणाला.

छान!

आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. मी कच्चा कारागीर नव्हतो. 'बिचारा, शिकत असेल, चुकला असेल' असं कुणी म्हणायला जाऊ नका. अवसरी फाट्यावर माझं पत्र्याचं शेड होतं, नव्वदनंतरची ती वर्षं, आणि घोडेगावपासून मंचरपर्यंत वडापच्या, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या, जितक्या डिझेल जीपा पळायच्या त्यातल्या निम्म्याअधिक माझ्या हाताखालून गेलेल्या. उरलेल्या माझ्याकडे यायला घाबरायच्या, कारण मी ड्रायव्हरला शिव्या घालायचो. क्लच जाळून आणतात आणि गाडीला दोष देतात! मी त्यांना तोंडावर सांगायचो — यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. हे वाक्य माझंच. फाट्यावर आजही कुणीकुणी ते ऐकवतो.

म्हणजे मला कळत होतं. सगळं कळत होतं. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

दत्तू हा हौसाबाईचा मुलगा. डिंभ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव — भात, नाचणी, डोंगर. दत्तूनं जुनी डिझेल जीप घेतली आणि घोडेगाव ते वरची गावं अशी वडाप करायला लागला. छपरावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं, आणि पोरगं एवढं मऊ की कुणाला उतर म्हणायचं नाही. अशी गाडी तापणारच. दसरा चार दिवसांवर असताना ती तापून तापून माझ्या दारात आली. ऑइलची काडी काढून बघितली — ऑइलचं ताक झालेलं. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

"दसऱ्याला व्हईल का भाऊ?" दत्तूनं विचारलं. सणाचे दिवस, सगळा डोंगर खालीवर करणार, तेव्हाच गाडी बंद.

दोन-तीन ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांना ऐकू जाईल असा मी म्हणालो, "दसऱ्याला गाडी तुझ्या दारात न्हाई उभी राहिली तर शेडची पाटी उतरवून ठेवीन."

म्हणायची काय गरज होती? काही नाही. पण म्हणालो.

आता ज्यांचा इंजिनाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला समजायचा नाही. इंजिनाचं हेड म्हणजे वरचं झाकण समजा. त्याच्या आणि खालच्या धडाच्या मधे गॅस्केट. ते बदलायचं तर हेड उचलायचं, आणि हेड उचलायचं तर वरच्या शाफ्टचं दातेरी चाक आधी काढायचं. त्या चाकावरून एक चेन जाते, थेट पिस्टन ज्याला जोडलेले त्या खालच्या क्रँकपर्यंत. टायमिंग चेन. पिस्टन वर कधी यायचा आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हा दोघांचा मेळ ती चेन सांभाळते. चाक काढलं की चेन मोकळी. मग तिला तारेनं वर ताणून बॉनेटला बांधून ठेवायची. सैल सोडायची नाही, पडू तर द्यायचीच नाही. पडली तर वर दिसत नाही, पण खाली अंधारात दाता सरकतो. एक दाता. तेवढ्यानं ज्यांनी एकमेकांना कधी शिवायचं नसतं ते पिस्टन आणि व्हॉल्व्ह एके दिवशी एकमेकांवर आदळतात.

तर चेन मी बांधली होती. चांगली बांधली होती. हेड मंचरला घासायला पाठवलं, ते परत यायला खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमीला आमच्या धंद्यात पूजा म्हणजे पूजा. पाने, हातोडे, जॅक सगळं डिझेलनं धुवायचं, पोत्यावर ओळीनं मांडायचं, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्यांनाही विसावा हवा. माझ्या उस्तादानं शिकवलेलं, त्याला त्याच्या उस्तादानं.

पूजा आटोपत होतो तेवढ्यात हौसाबाई आली. डोंगरातून एसटीनं उतरून आलेली, फडक्यात झाकलेलं ताट हातात. दत्तूची जीप माझ्याकडे उघडी पडलेली, म्हणून तिची पूजा राहायला नको. घरात दुसरं बाईमाणूस नाही. दत्तूचं लग्न व्हायचं होतं.

ताट घेऊन ती इंजिनापुढे उभी राहिली आणि थबकली. हे थबकणं मला आजही जसंच्या तसं दिसतं.

"भाऊ, मी लावलं तर चालंल ना? न्हाई म्हंजी... माझ्या हातचं."

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. कुंकू पुसलेल्या बाईनं दुसऱ्याला कुंकू लावायचं नाही, एवढं सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. आणि मी — बघा हं, मीच — मोठा सुधारलेला असल्यासारखा हसलो. "मावशी, लोखंडाला काय कळतंय कुणाचा हात? लावा बिनधास्त."

"कुठं लावू तुमी दावा. मला त्यातलं काय म्हाईत न्हाई. कायतरी बिघडायचं."

मी दाखवलं. रेडिएटरच्या वरच्या पट्टीला एक बोट, बॉनेटला एक, आणि त्या तारेनं बांधलेल्या चेनकडे बघून म्हणालो, हिलाबी लावा, सगळी गाडी हिच्यावर चालते. तिनं चेनच्या एका कडीला बोट लावलं. कसं लावलं सांगू? झोपलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं. चेन हललीसुद्धा नाही. मी हातभर अंतरावर उभा होतो. तार ताठ होती. मी बघितलंय.

ती गेली. पोळ्या ठेवून गेली माझ्यासाठी.

दुपारी फाटा सामसूम झाला. सगळे सणाचं जेवून आडवे. मी शेडमधे एकटा. पूजा झालेली, पाने फुलांखाली. दसरा दुसऱ्या दिवशी आणि मी पाटी उतरवायची भाषा केलेली. मी फुलं बाजूला केली आणि पाना उचलला.

तुम्ही म्हणाल, हाच गुन्हा काय? नाही हो. पाना उचलल्यानं काही होत नाही. पान्याला सणवार कळत नाही, हे मी तेव्हाही मानायचो, आजही मानतो.

हेड बसवलं, बोल्ट ओढले. वरचं चाक बसवायला चेनची तार सोडली. डाव्या हातात चेन धरायची, उजव्या हातानं चाक घालायचं. हजारदा केलेलं. डावा हात ऑइलनं भरलेला होता, पुसायचा आळस केला. चेन निसटली. खळ्ळ करून खाली गेली.

एवढंच. कुणी धक्का दिला नाही, कुणी हाक मारली नाही. हात पुसला नव्हता, म्हणून सुटली.

सायकलच्या तारेचा आकडा करून ती वर काढली. चाकावर घातली. वर मी केलेली खूण होती, चाकाच्या दात्यावर आणि चेनच्या कडीवर, ती जुळली. ती जुळणारच. खाली काय झालंय ते वरच्या खुणेला काय माहीत? त्यासाठी इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, खालच्या पुलीची खूण शून्यावर आणायची आणि वरच्या शाफ्टची खाच आपल्या जागेवर आली का बघायची. मी फिरवलं. पुली शून्यावर आणली. वर बघितलं.

खाच पुढे गेली होती. एक दाता.

मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, कापडानं पुसून पुन्हा बघितलं. 'नजरचुकीनं राहिलं' असं मी आजवर स्वतःशीसुद्धा म्हणू शकलो नाही, कारण मी कापडानं पुसलं होतं!

करायचं काय ते स्पष्ट होतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर काढा, चाक पुन्हा सोडा, खाली डिझेल-पंपाचंही टायमिंग तपासा. संध्याकाळ गेली असती आणि दसऱ्याची सकाळही. पाटी उतरवावी लागली असती असं नाही, लोक हसले असते आणि विसरले असते. एवढीच किंमत होती.

मी झाकण लावलं.

दसऱ्याला दत्तू आला. पहाटे उठून जोडली, असं त्याला सांगितलं. जीप चालू झाली. मागे धूर जरा जास्त. झेंडूचा हार घालून, आपट्याचं पान माझ्या हातात देऊन, पाया पडून गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला.

"भाऊ, चढाला दबती वो गाडी. पयल्यासारखी वढत न्हाई."

"नवीन गॅस्केट हाय, बसू दे जरा. आणि तू छपरावरची माणसं कमी कर आधी."

हा माझ्या जिभेचा हातखंडा. ड्रायव्हरला त्याचीच चूक दाखवली की तो गप्प होतो. दत्तू तर आधीच मऊ. खाली मान घालून गेला. ही दुसरी संधी होती. त्या वेळी गाडी ठेवून घेतली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. पण पुन्हा उघडायची म्हणजे स्वतःच्या हाताला पुन्हा तोंड द्यायचं.

घोडेगावच्या बाजारच्या दिवशी, डिंभ्याच्या पुढच्या चढाला, भरलेल्या गाडीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. इंजिन जागीच मेलं. अशा गाडीचं इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, दाबला जात नाही. जीप मागे घरंगळली. दत्तूनं प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या अंगाला घातली, दरीच्या नाही. एका बाईचा हात मोडला, बाकीच्यांना मुका मार. कुणी मेलं नाही. हे मी समाधान म्हणून सांगत नाही. वाचले ते दत्तूमुळे, माझ्यामुळे नाही.

जीप ओढून माझ्याकडेच आणली. दुसरीकडे कशाला नेतील? भरवशाचा माणूस मी! शेडमधे पंधरा-वीस माणसं गोळा. दत्तू कोपऱ्यात. दत्तूचा चुलता पुढे. तो गावात मानाचा, आवाज मोठा. मी झाकण उघडलं. काय दिसणार ते मला उघडायच्या आधीच माहीत होतं.

चुलत्यानं विचारलं, "काय झालं भाऊ?"

"चेन एका दात्यानं सरकलीय."

"सरकली कशी?"

आणि तेव्हा त्याची नजर रेडिएटरच्या पट्टीवर गेली. तिथे कुंकवाचं बोट होतं. वाळलेलं, तेलकट, पण होतं. "हे कुणी लावलं?"

मी जे बोललो ते अक्षर न् अक्षर लिहितो. मी म्हणालो, "म्हातारीनं लावलं खंडेनवमीला. चेन उघडी व्हती. हात लागला असंल."

असंल. केवढा सोयीचा शब्द! मी खोटं बोललो असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, असा शब्द. जन्मभर लोकांना ऐकवलं यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो — तो माणूस मी.

"आरं, रांडाव बाईच्या हातचं कुंकू इंजनाला!" चुलता म्हणाला. "मंग दुसरं काय व्हईल?"

मला 'हात लागला' एवढंच म्हणायचं होतं, अपशकुनाचं मी काही म्हणालो नाही — ही पळवाट मी पुष्कळ वर्षं वापरली. ती आज बंद करतो. त्या माणसांच्या कानात माझं वाक्य काय होऊन पडणार ते मला पुरतं माहीत होतं. म्हणून तर टाकलं. म्हातारीचं नाव न काढता नुसतं 'धक्का लागला' म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग जोडताना तू काय बघितलंस? साधा प्रश्न आहे, कुठल्याही क्लीनरला सुचेल. त्या वीस माणसांत एकालाही सुचला नाही. कुंकू दिसलं आणि चौकशी संपली. मी खाली वाकून वाकलेले व्हॉल्व्ह बघत राहिलो.

चेनला विधवा-सवाष्ण कळत नाही. चेनला दाते कळतात. हे वाक्य मला त्या क्षणी आलं होतं, तोंडात तयार होतं. म्हणालो नाही.

इंजिन मी पुन्हा बांधून दिलं, मजुरी न घेता. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला वाटलं असेल ती होऊन गेली. नाही.

दोनेक वर्षांनी दत्तूचं लग्न झालं. मला मानानं बोलावलं होतं. मांडवात नाव पुकारून टोपी-टॉवेल दिला, मी टोपी घातली. नवरी दारात आली तेव्हा तिला ओवाळायला चुलती पुढे झाली. हौसाबाई दिसेना. विचारायचं धाडस नव्हतं, नजर मात्र शोधत होती. ती मागे, चुलाण्यापाशी होती. तिच्याच घरातलं कार्य. पुढे कळलं, त्या खंडेनवमीनंतर तिनं कशालाच कुंकवाचा हात लावला नव्हता. बैलाला नाही, उखळाला नाही, नव्या सुपालाही नाही. बारशाला बोलावलं तर दारातून परत जायची. माझ्या शेडपाशी यायची ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून दत्तूला हाक मारायची. शेडची सावली ओलांडायची नाही.

पंगत उठल्यावर मी हात धुवायला मागे गेलो. तिनं तांब्या आणला. माझ्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. आणि म्हणाली —

"भाऊ, माझ्या हातानं तुमच्या हातचं काम नासलं. तवापासनं सांगायचं व्हतं. लई वंगाळ वाटतं. तुमचं नाव खराब झालं असंल माझ्यापायी."

तिनं माझी माफी मागितली.

मांडवात वाजंत्री चालली होती, जवळ कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. चेन माझ्या हातून सुटली, मावशी. पाच शब्द. मी टॉवेलला हात पुसले. ह्या वेळी नीट पुसले.

"असू द्या, मावशी," मी म्हणालो. "झालं ते झालं. मी काय मनात ठिवलेलं न्हाई."

मी तिला माफ केलं.

तिच्या चेहऱ्यावरचा भार उतरला, मी बघितलं. ती हसली. त्यानंतर दर दिवाळीला दत्तूकडून फराळ यायचा. मी खायचो.

आता ती गेली. मी गॅरेज चालवतो. आता मोठं आहे, पक्कं आहे. खंडेनवमीला पूजा होते. चेन मी आजही तारेनं बांधतो, हात पुसतो, दोन फेरे फिरवतो, खाच बघतो. यानं काही फिटत नाही. ते मी धंदा म्हणून करतो.

दत्तूला हे छापून आल्यावरच कळेल. आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं, बरोबर आहे. पण गेलो असतो तर तो म्हणाला असता, "जाऊ द्या भाऊ, लई दिवस झालं." तो तसाच आहे. माझ्या तोंडून एकदा माफी खिरापतीसारखी वाटली गेली आहे, आता ती उलटून माझ्या पदरात नको. त्याला चिडायचं असेल तर चिडू दे. त्याच्या चुलत्याला येऊन उभं राहायचं असेल तर राहू दे, मी गॅरेजमधेच असतो. फाट्यावर कुणी विचारलं, खरं का रे? तर मी हो म्हणणार आहे, मोठ्यानं.

माईकवर बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. हौसाबाईचं बोट चेनला लागलं तेव्हा चेन जागची हलली नाही. चेन माझ्या हातून सुटली. खाच पुढे गेलेली मी पुसून बघितली आणि झाकण लावलं. तिचा हात चांगला होता.